नखे पाहणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टर : एरंडवण्यातील युव्हायटिस ओपीडीचा दीड वर्षाचा अनुभव

पुण्यात कर्वे रस्त्यापासून थोडे आत, एरंडवण्यातील एका गल्लीत असलेल्या या नेत्ररुग्णालयात मी गेले दीड वर्ष जाते आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा चष्म्याच्या नंबरासाठी ते कसे आहे, हे मला सांगता येणार नाही. मी लिहिते आहे ते आठवड्यातून दोनदा दुपारी चालणाऱ्या तेथील युव्हायटिसच्या, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत पडद्याच्या दाहाच्या, ओपीडीविषयी, आणि ज्यांना सोरायसिस (त्वचेवर खवले येण्याचा आजार) आहे, बोटे सुजतात, सकाळी टाचा टेकवत नाहीत, अशा माणसांनी वाचावे म्हणून लिहिते आहे. माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा आहे. अप्पा बळवंत चौकातील प्रकाशकांची प्रुफे मी बावीस वर्षे तपासते आहे, त्यामुळे अनुस्वार आणि कागदावरचा डाग यांतला फरक दिसेनासा होणे म्हणजे काय, हे मला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत डावा डोळा लाल झाला. आळंदीत जुलै २०२३ मध्ये डोळ्यांची मोठी साथ येऊन गेली होती आणि तेव्हापासून लाल डोळा म्हणजे डोळे आले, हे आमच्या घरातच नव्हे तर आळीतही पक्के झाले होते. घराजवळच्या एका डॉक्टरांनीही तेच सांगितले आणि अँटिबायोटिकचे थेंब दिले. सहा दिवस थेंब घातले. लाली हटली नाही, उलट कपाळाच्या त्या बाजूला ठणका लागला. आता मागे वळून पाहते तेव्हा लक्षात येते, की खुणा पहिल्या दिवसापासून वेगळ्या होत्या. सकाळी पापण्या चिकटत नव्हत्या, चिपडे नव्हती, खाज नव्हती. लाली डोळ्याच्या कोपऱ्यांत कमी आणि बुबुळाभोवती कड्यासारखी जास्त होती. सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट अशी, की डावा डोळा हाताने पूर्ण झाकून मी उजव्या डोळ्याने खिडकीकडे पाहिले तरी दुखायचा तो झाकलेला डावाच. एका डोळ्यावर प्रकाश पडला तरी दोन्ही बाहुल्या एकदम आकसतात आणि बाहुलीभोवतीच्या सुजलेल्या रंगीत पडद्याचा स्नायू ओढला गेला की दुखतो, हे कारण मला पुढे या रुग्णालयात कळले. डोळे आलेल्या माणसाला असे सहसा होत नाही.

रुग्णालयातील पहिल्या दिवसाचे वर्णन जरा सविस्तर करते, कारण या सेवेचा खरा कस त्या दिवशीच लागला.

खिडकीवर नाव नोंदवताना मी फक्त “डोळा लाल आहे, उजेड सहन होत नाही” एवढेच म्हणाले. खिडकीवरच्या मुलीने “ताई, दुखतोय का? कमी दिसतंय का?” असे दोन प्रश्न विचारले आणि कागदावर लाल शिक्का मारून मला नेहमीच्या रांगेतून काढून या ओपीडीकडे पाठवले. हे दोन प्रश्न तिला कोणी तरी शिकवलेले आहेत, आणि ज्याने शिकवले त्याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आतल्या डॉक्टरबाईंनी हनुवटी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून पाहण्याच्या यंत्रावर, टेकवायला लावली, खोलीतला दिवा घालवला आणि प्रकाशाची एक बारीक फट डोळ्यावर तिरपी टाकली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. ओठ हलत होते, त्यावरून त्या मोजत आहेत असे वाटले. त्या खरोखरच मोजत होत्या. बुबुळाच्या पारदर्शक भागामागे जे पाणी असते, ते निरोगी डोळ्यात स्वच्छ असते. आतल्या रंगीत पडद्याला दाह झाला, की त्यात पांढऱ्या पेशी उतरतात. “दुपारी बंद खोलीत कवडसा पडतो, त्यात धूळ तरंगताना दिसते ना, तसं दिसतंय,” असे त्यांनी सांगितले. एक मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद प्रकाशाच्या झोतात किती पेशी दिसतात, यावरून दाहाची पायरी ठरते, आणि ही मोजणी जगभर एकसारखी व्हावी म्हणून २००५ मध्ये तज्ज्ञांनी प्रमाण ठरवून दिले आहे. सोळा ते पंचवीस पेशी दिसल्या तर २+ लिहितात. माझ्या कागदावर २+ लिहिले गेले. पुढच्या प्रत्येक भेटीत तो आकडा लिहिला गेला आणि आजार उतरतो आहे की नाही, हे मला स्वतःला वाचता येऊ लागले. रुग्णाला त्याच्या आजाराचे मोजमाप असे हातात देणारे दवाखाने मी फार पाहिलेले नाहीत.

मग सिस्टरांनी बाहुली मोठी करण्याचे थेंब तीन वेळा घातले. पाऊण तासाने डॉक्टरबाईंनी यंत्रावरच फोटो काढून पडद्यावर दाखवला. बाहुली गोल नव्हती. वरच्या बाजूला ती नीट उघडली होती आणि खाली दोन ठिकाणी आत ओढलेली राहिली होती. जुन्या खिळ्यांच्या छपाईत झिजलेल्या शून्याचा ठसा उमटावा, तशी. दाहामुळे रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटतो. सगळीकडून चिकटला, तर डोळ्यातल्या पाण्याची वाट बंद होऊन दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. सहा दिवस चुकीच्या थेंबांत गेले त्याचा तो ठसा होता. एक चिकटलेली जागा त्याच दिवशी सुटली, दुसरी आठवडाभराने सुटली. ती जेथे होती, तेथे भिंगावर तपकिरी रंगाचा एक कण आजही आहे. त्याने दिसण्यात अडथळा येत नाही.

येथवरचे काम कोणत्याही चांगल्या नेत्रतज्ज्ञांनी केले असते. पुढचे मात्र सगळीकडे होत नाही. डॉक्टरबाईंनी मला डोळ्यासमोरून यंत्र दूर सारायला सांगितले आणि म्हणाल्या, “हात पुढे करा. नखं पाहू द्या.” मला वाटले, रक्त कमी आहे का ते पाहत असतील. त्यांनी लहान बॅटरी नखाला जवळजवळ आडवी धरून तिचा प्रकाश नखावरून सरकवला, तेव्हा माझ्याच नखांवरचे खळगे मला पहिल्यांदा नीट दिसले. शिवणकामाच्या अंगुस्तानावर असतात तसे, बारीक, टोचल्यासारखे, उजव्या हाताच्या तीन नखांवर. मग प्रश्न सुरू झाले. डोक्यात कोंडा होतो का? कोपरावर, कानामागे, बेंबीत खवले येतात का? एखादे बोट पुरतेच्या पुरते सुजते का? सकाळी उठल्यावर आखडलेपण किती वेळ टिकते? टाच दुखते का?

सोरायसिस मला बारा वर्षे आहे, हे मी आपण होऊन सांगितलेच नव्हते. डोळ्यांच्या डॉक्टरांना कातडीचे कशाला सांगायचे, असे मला वाटत होते. उजव्या हाताचे मधले बोट वर्षभर मुळापासून टोकापर्यंत सुजलेले होते. ते लाल पेन धरून धरून सुजले, असे मी मानत आले होते. टाचांसाठी मऊ चपला घेतल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी संधिवातासाठी केलेल्या रक्ततपासणीत आर. ए. फॅक्टर निगेटिव्ह आल्यामुळे आपल्याला वात नाही, अशी माझी खात्रीच झाली होती. सोरायसिससोबत येणाऱ्या सांधेदुखीत ती तपासणी बहुधा निगेटिव्हच येते, हे त्या दिवशी कळले. चार वेगवेगळ्या ठिकाणच्या माझ्या तक्रारी त्या खोलीत पंधरा मिनिटांत एका कागदावर आल्या आणि खाली लिहिले गेले : सोरायटिक आर्थ्रायटिसचा संशय, संधिवाततज्ज्ञांकडे पाठवावे.

हा दुवा किती महत्त्वाचा आहे, याविषयी थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते. सोरायसिस असलेल्या माणसांपैकी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे सांध्यांचा आजार होतो, आणि तसा आजार झालेल्या शंभर जणांपैकी साधारण सात ते अठरा जणांना, निरनिराळ्या अभ्यासांनुसार, कधी ना कधी युव्हायटिस होतो. त्वचा, सांध्याचे अस्तर, हाडाला स्नायूबंध जेथे चिकटतो ती जागा आणि डोळ्यातला रंगीत पडदा ही चारही ठिकाणे शरीराच्या संरक्षक यंत्रणेच्या एकाच चुकीच्या माऱ्याखाली येतात, आणि टी.एन.एफ. व इंटरल्यूकिन-१७ यांसारखी दाह पेटवणारी द्रव्ये त्या सगळ्यांत सामाईक असतात. मणक्याच्या वाताशी आणि अशा डोळ्याशी एचएलए-बी२७ या अनुवांशिक खुणेचे नाते १९७३ मध्येच दाखवले गेले होते. तरीही लाल डोळ्याच्या रुग्णाला पाठ आणि सांधे विचारले जातातच असे नाही. डब्लिनमधील डॉक्टरांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कारण ठाऊक नसलेल्या तीव्र युव्हायटिसच्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के जणांना याच कुळातला, आजवर कोणी न ओळखलेला वात निघाला. त्यांनी जी पद्धत सुचवली, तिच्यात बी२७ निगेटिव्ह आले तरी सोरायसिस असेल तर पुढे पाठवावे, असे सांगितले आहे. माझी बी२७ तपासणी निगेटिव्हच आली. ती पाहून मी सुटकेचा श्वास टाकला, तेव्हा डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले, की यावरून आजार नाही असे होत नाही. ज्यांना हा वात मणक्यात आहे आणि बी२७ पॉझिटिव्ह आहे, त्यांचा डोळा एकदम लाल होतो, एका वेळी एकच, आणि उतरतोही. सोरायसिसच्या इतर रुग्णांत मात्र तो हळूहळू सुरू होणारा, दोन्ही डोळ्यांत, कधी भिंगाच्या मागच्या भागापर्यंत पोचणारा आणि चिवट असू शकतो. म्हणूनच डोळा पांढरा दिसत असला तरी ठरलेल्या तारखेला तपासणी चुकवायची नाही, असे त्यांनी बजावले.

आपल्याकडे क्षयरोगही डोळ्यात असाच दाह करतो, त्यामुळे मांटू तपासणी आणि छातीचा एक्स-रे पहिल्याच आठवड्यात करून घेतला. सिफिलिसची रक्ततपासणीही सांगितली. ती कशासाठी, हे त्यांनी माझ्या यजमानांसमोर इतक्या सरळपणे समजावले, की आम्हा दोघांनाही अवघडल्यासारखे झाले नाही. सोरायसिस एका जागी सापडला म्हणून बाकीची कारणे शोधायची सोडली नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते.

उपचार थेंबांचाच होता. पोटातून स्टेरॉइडच्या गोळ्या देण्याचे त्यांनी टाळले, कारण त्या थांबवताना सोरायसिस उसळून येऊ शकतो. प्रेडनिसोलोन ॲसिटेटचे थेंब जागेपणी दर तासाला, सोबत बाहुली मोठी ठेवणारे होमॅट्रोपिन, आणि मग सहा आठवड्यांत पायरीपायरीने कमी करत आणायचे. होमॅट्रोपिन चालू असेपर्यंत जवळचे वाचता येत नाही, आणि ते दिवस मी घरात रेडिओ ऐकत काढले. तिसऱ्या आठवड्यात डोळ्याचा दाब २६ निघाला. सर्वसाधारण दाब १० ते २१ असतो. काही लोकांत स्टेरॉइडच्या थेंबांनीच दाब चढतो. प्रत्येक भेटीत न चुकता दाब मोजत असल्यामुळेच तो वेळेवर सापडला. दाब उतरवणारे थेंब जोडले गेले आणि तो महिनाभरात १७ वर आला. थोडे बरे वाटले, की उरलेली बाटली ठेवून देणारे आणि पुन्हा डोळा लाल झाला, की आपल्या मनाने तीच घालणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यांनी हा परिच्छेद कृपा करून दोनदा वाचावा.

आता तक्रारी. रुग्णालयातल्या औषधांच्या दुकानात बाटली देताना ती हलवून वापरायची आहे, हे कोणी सांगितले नाही. या थेंबांत औषध पाण्यात विरघळलेले नसते, ते तळाशी साचते; न हलवता घातले तर वरचे निव्वळ पाणी डोळ्यात जाते. मला हे चौथ्या दिवशी डॉक्टरबाईंनी सहज विचारल्यावर कळले. म्हणजे चार दिवस मी तासातासाला जे घालत होते, त्यात औषध किती होते, कोण जाणे. ही चूक लहान नाही. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवायचे आणि थेंब घातल्यावर नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा, हेही मला शेजारी बसलेल्या एका आजोबांनी शिकवले.

दुसरी तक्रार प्रतीक्षागृहाची. उजेड सहन न होणाऱ्या रुग्णांना जेथे दोन-अडीच तास बसवतात, तेथे छतावर पांढऱ्याशुभ्र ट्यूबांची रांग आहे आणि समोर मोठा टीव्ही लावलेला असतो. शेवटच्या कोपऱ्यात खांबाआड चार खुर्च्या आहेत, तेथे जरा बरे असते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तो कोपरा धरावा. काळा चष्मा आणि टोपी सोबत न्यावी. बाहुली मोठी केलेल्या अवस्थेत दुपारी तीन वाजता नळ स्टॉपच्या मेट्रो स्थानकापर्यंत चालत जाणे मी एकदाच केले. तेव्हापासून यजमान किंवा भाची न्यायला येते. स्वतः दुचाकी चालवत परत जाण्याचा विचारही करू नये. शुल्क पुण्यातल्या अशा इतर रुग्णालयांइतकेच आहे, पहिल्या सहा आठवड्यांत पाच भेटी होतात, एवढे मात्र धरून चालावे.

तिसरी उणीव अशी, की संधिवाततज्ज्ञ येथे बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या दिवशी जावे लागते. पण दोघांमधला पत्रव्यवहार मी स्वतः वाहून नेला असल्यामुळे तो वाचलाही आहे, आणि तो नावापुरता नाही. सांध्यांसाठी मेथोट्रेक्सेट सुरू झाले. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते, म्हणून संधिवाततज्ज्ञांनी कागदावर “फक्त रविवार” असे माझ्याकडूनच लिहून घेतले. सात महिन्यांनी बोटाची सूज पुरती उतरली नव्हती, आणि नवरात्रात उजवा डोळा लाल झाला.

त्या दिवशी या सेवेची दुसरी परीक्षा झाली. शनिवार होता, ओपीडीचा वार नव्हता. माझ्या कागदावर पहिल्याच भेटीत लिहून दिले होते : डोळा लाल झाल्यास नंबर न लावता त्याच दिवशी यावे. असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. येथे मला तो कागद दाखवल्यावर पन्नास मिनिटांत दुसऱ्या डॉक्टरांनी तपासले, जुने फोटो काढून ताडून पाहिले आणि घरी जाईपर्यंत पहिले तीन थेंब डोळ्यात गेलेले होते. पेशी १+ होत्या, पडदा कोठेही चिकटलेला नव्हता. फेब्रुवारीतले सहा दिवस आणि ऑक्टोबरमधली ती पन्नास मिनिटे, यांतला फरक मला रोज आरशात दोन बाहुल्या शेजारी शेजारी दिसतात तेव्हा कळतो.

यानंतर संधिवाततज्ज्ञांनी टी.एन.एफ. रोखणाऱ्या जैविक औषधाच्या इंजेक्शनाचा विचार सुरू केला, आणि येथे डोळ्यांच्या डॉक्टरांचे पत्र निर्णायक ठरले. टी.एन.एफ.ला रोखणारी औषधे सांध्यांवर सारखीच चालत असली, तरी डोळ्यावर ती सारखी चालत नाहीत. एटानरसेप्टने सांधे सुधारतात, पण युव्हायटिसपासून संरक्षण फारसे मिळत नाही; ॲडालिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅबने ते मिळते. ॲडालिमुमॅबला तर २०१६ मध्ये अमेरिकेत व युरोपात युव्हायटिसच्या काही प्रकारांसाठी स्वतंत्र मान्यता मिळाली. भारतात त्याची देशी आवृत्ती २०१४ च्या डिसेंबरपासून उपलब्ध आहे, त्यामुळे ते मूळ औषधापेक्षा स्वस्त पडते. तरी मध्यमवर्गीय घराला हा खर्च जाणवतोच. पत्रात एवढेच लिहिले होते, की जैविक औषध देणार असाल तर डोळ्याचा विचार करून निवड करावी, ही विनंती. ते एक वाक्य नसते, तर कदाचित माझी बोटे बरी झाली असती आणि डोळा उघडाच राहिला असता. क्षयाची तपासणी पुन्हा करून नोव्हेंबरपासून दर पंधरा दिवसांनी मी ॲडालिमुमॅबचे इंजेक्शन घेते आहे. ते फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, आणि आमच्याकडे दुधाच्या पातेल्याशेजारी त्याचा डबा असतो. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत दोन्ही डोळ्यांच्या कागदावर पेशींच्या रकान्यात शून्य आहे. बोटातली अंगठी पुन्हा घालता येऊ लागली आहे.

पाचपैकी साडेचार गुण मी या ओपीडीला देते. अर्धा गुण कापला आहे तो सूचनापत्रासाठी. थेंब कसे घालावेत, बाटली हलवावी, कोणत्या खुणा दिसल्या तर धावत यावे, हे सगळे सांगणारे एक छापील पान तेथे आहे, हे मला वर्षभराने कळले. ते फक्त इंग्रजीत आहे आणि मागितल्याशिवाय मिळत नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुळशीच्या बाईंना, भोरहून मुलाला घेऊन येणाऱ्या गृहस्थांना ते वाचता येत नाही. मागच्या भेटीत मी त्या पानाचा मराठी मजकूर स्वतः तयार करून, मोठ्या टाइपात लावून, दोन प्रुफे तपासून डॉक्टरबाईंकडे दिला आहे. त्यांनी तो वैद्यकीयदृष्ट्या वाचून पाहण्यासाठी ठेवून घेतला. पुढची तारीख चौदा सप्टेंबरची आहे.